खंड्याची हजेरी

सकाळी आठला पाळी बदलली की आमच्या केंद्रात वायरलेसवर हजेरी व्हायची आणि ती मी घ्यायचे. मी मेहरुन. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या त्या अग्निशमन केंद्रातली कंट्रोल रूमची ऑपरेटर, आणि अख्ख्या केंद्रात एकटी बाई. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणायचे. खरंच होतं ते. एवढ्या पुरुषांत बसून काम करायचं तर दुसरं हत्यार कुठलं असतं बाईकडे?

आमच्या सेटना नावं पक्ष्यांची होती. कोण्या जुन्या साहेबाला खाडीवरच्या पाखरांचं वेड होतं, त्याने ठेवली आणि ती चिकटली. मोठा बंब बगळा, छोटा बंब टिटवी, पाण्याचा टँकर पाणकोंबडी. टँकर चालवायचे हौसेराव, चांगले मिशीवाले, त्यामुळे पाणकोंबडीवरून मी त्यांना रोज छळायचे. मी एकेक नाव पुकारायचे आणि पलीकडून कोणी काही बोलायचं नाही, फक्त सेटचं बटण दोनदा दाबायचं. खट्, खट्. माझ्या स्पीकरवर तेवढाच आवाज.

हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, आमच्या केंद्राची पद्धत होती. धुरात शिरलेल्या माणसाच्या तोंडावर मास्क असतो, तो काय बोलतो ते कोणाला कळत नाही. म्हणून बोटाने बोलायचं. दोनदा दाबलं म्हणजे ‘ऐकू आलं, मी आहे.’ तीनदा दाबलं म्हणजे ‘अडकलोय, या.’ हात विसरू नये म्हणून हजेरीही तशीच. तीन मी माझ्या नोकरीत कधी ऐकले नव्हते, आणि ऐकू येऊ नयेत म्हणून रोज निघताना मनात दुवा मागायचे.

हजेरीतलं शेवटचं नाव खंड्या. तो हातातला सेट पोपटकडे असायचा. पोपटला जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि सेटही त्याच्याबरोबर गेला होता. तरी मी रोज खंड्या म्हणून पुकारायचे. आणि रोज दोनदा आवाज यायचा.

पोपट दिघ्याचा. आईबाप परभणीकडून येऊन तिथल्या वस्तीत राहिलेले. कामात वाघ आणि खाण्यात राक्षस. मला आपा म्हणायचा आणि माझ्या डब्यातल्या तांदळाच्या भाकरीवर, सोड्यांच्या कालवणावर पहिला हक्क त्याचा. पोपटाला खंड्या कशाला, असं कोणी चिडवलं की तो म्हणायचा, “पोपट पिंजऱ्यात बसतो. खंड्या पान्यात सूर मारतो आन वर येतो. बघत ऱ्हावा.”

पोपट गेला त्या दिवशी कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका रसायनांच्या गोदामाला आग लागली. आत वॉचमन राहिलाय असं कोणीतरी ओरडलं आणि पोपट शिरला. छत वाकायला लागलं तेव्हा आमचे केंद्रप्रमुख शहाजी साहेब जोरात शिट्टी वाजवत राहिले. शिट्टी म्हणजे सगळ्यांनी बाहेर. सगळे आले. पोपट यायच्या आत छत खाली आलं. वॉचमन नंतर समोरच्या टपरीवर चहा पिताना सापडला. आजही त्या माणसाचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं, आणि त्याची चूक तरी काय होती, चहाच पीत होता ना, हेही मला कळतं.

राख थंड झाल्यावर सगळ्यांनी हातांनी उपसली. हेल्मेटचं एक बक्कल मिळालं. रसायनांच्या आगीत दुसरं काही उरत नाही, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. त्याची बायको मुक्ताबाई. तिला ते बक्कल नेऊन दिलं. दिघ्याच्या बुद्धविहारात त्याचं पुण्यानुमोदन ठरलं तर ती गेलीच नाही. दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. नातेवाईक समजवायला गेले तेव्हा म्हणाली, “बकलाचं पुण्यानुमोदन करू का मी? मानूस दाखवा, मग बसते.”

तेव्हापासून ती रबाळ्याच्या कंपनीत कामाला जाता-येता आमच्या गेटवर थांबायची. “काय कळलं का?” एवढंच विचारायची. गेटवरचा माणूस मान हलवायचा आणि ती चालू लागायची.

त्या दोन आवाजांचं तिला कोण सांगणार? विहारातल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरी घेत होते. नावं तोंडपाठ. बगळा, टिटवी, पाणकोंबडी, आणि जिभेवरून खंड्या घसरलंच. माझा मलाच राग आला. मी माइक खाली ठेवणार इतक्यात स्पीकर वाजला. खट्, खट्. खिडकीबाहेर बंब पुसणारी पोरं पुसता पुसता थांबली. हौसेराव पायरीवर होते, ते तिथेच बसले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुकारलं. पुन्हा तेच.

मग ती सवयच झाली. पोरं म्हणायची, पोपट आहे म्हणजे केंद्रावर काही येणार नाही. शहाजी साहेब हजेरीच्या वेळी खोलीत यायचे नाहीत, पण बाहेर जिन्यापाशी उभे असायचे, मला त्यांचे बूट दिसायचे. मुक्ताबाईला मात्र कळू द्यायचं नाही, हे न बोलता ठरलं होतं. तुझा नवरा रोज हजेरी देतो, असं एखाद्या बाईला सांगायचं तरी कसं?

सत्त्याण्णवच्या जानेवारीत वरून परिपत्रक आलं. पेजर आले, मोबाइल फोन आले, हवेत जागा उरली नाही, म्हणून वायरलेस वापरणाऱ्या सगळ्या खात्यांनी आपले जुने रुंद चॅनेल सोडायचे आणि नव्या अरुंद चॅनेलवर जायचं. सेट नवे. बटण दाबलं की कोणत्या सेटने दाबलं त्याचा नंबर कंट्रोलच्या डब्यावर उमटणार. पक्ष्यांची नावं बंद, नंबर घ्यायचे. न बोलता नुसतं बटण दाबणं बंद. अस्तित्वात नसलेल्या सेटला पुकारणं बंद. शनिवारी संध्याकाळी पाचला जुना चॅनेल कायमचा परत करायचा.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर कोणाचा घास हलला नाही. शेवटी हौसेराव म्हणाले, “बाई, आपन समदे नव्या च्यानलवर जानार. आन त्यो?”

मी म्हटलं, “हौसेराव, भाकरी खा.” दुसरं काय म्हणणार होते.

सेट बदलायला बेलापूरच्या ऑफिसातून प्रितम नावाचा इंजिनियर आला. पोरगेला, इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर. पहिल्याच सकाळी तो माझ्या मागे उभा राहून हजेरी ऐकत होता.

“मॅडम, हा लास्ट सेट कुठला? माझ्याकडे खंड्याची एंट्रीच नाही.”

“तो मेलाय,” मी म्हटलं.

“सेट?”

“माणूस.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, आणि हसला. त्या हसण्याने माझं टाळकंच सटकलं. पण तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. त्याला वाटलं, आमच्यातलाच कोणीतरी भावनेच्या भरात बटण दाबतोय. म्हणाला, “मॅडम, टेन्शन घेऊ नका, मी कोणाचं नाव वर कळवणार नाही. पण हे थांबायला पाहिजे. उद्या खरा इमर्जन्सी कॉल असेल आणि मध्ये कोण असं दाबत बसलं तर?”

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना आवारात उभं केलं. केंद्रातला एकूणएक सेट टेबलावर मांडला, बंबांमधल्या सेटांच्या वायरी काढून ठेवल्या, हातातल्या सेटांच्या बॅटऱ्या काढून बादलीत टाकल्या. चालू राहिला फक्त माझ्या टेबलावरचा. मग मला म्हणाला, पुकारा.

मी बगळा म्हटलं. शांत. टिटवी. शांत. पाणकोंबडी म्हटलं तेव्हा हौसेरावांचा अंगठा सवयीने हवेतच दोनदा दाबला गेला. स्पीकर गप्प. मग मी खंड्या म्हटलं.

खट्, खट्.

प्रितमचा चेहरा उतरला. त्याने बादलीतल्या बॅटऱ्या पुन्हा मोजल्या. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल, त्याची जिरली म्हणून. पण तसं झालं नाही. इतके दिवस मनाच्या कोपऱ्यात मीही धरून चालले होते की दाबत असेल आपल्यातलाच कोणी वेडा. हौसेरावच असतील. आता तोही आधार गेला.

प्रितम मात्र हट्टी. त्याच्याकडे एक यंत्र होतं, त्याला दोन हात पसरल्यासारखी अँटेना, आणि काटा सांगायचा की आवाज कोणत्या बाजूने येतोय. पुढच्या हजेरीला ते घेऊन तो गच्चीवर उभा राहिला, त्याच्या पुढच्या हजेरीला हायवेच्या पलीकडे. परत आला तेव्हा त्याच्या हातात नकाशा होता आणि नकाशावर दोन रेघा. त्या जिथे एकमेकींना कापत होत्या, तिथे शहाजी साहेबांनी नुसतं बोट ठेवलं आणि खुर्चीत बसले. आगीचं गोदाम होतं तोच प्लॉट.

दुपारी ते दोघं आणि हौसेराव जाऊन आले. प्लॉट केव्हाच विकला गेला होता. नव्या मालकाने पुढे शेड बांधली होती, मागच्या आवारात जाडजूड काँक्रीट ओतून टेम्पो उभे करायला जागा केली होती. टेम्पो उभे होते, ड्रायव्हर पत्ते खेळत होते. दुसरं काही नाही. हौसेराव येऊन पाणी प्यायले आणि मला म्हणाले, “बाई, पत्ते खेळत हुते वो. बरोबर त्याच्या छाताडावर.”

त्या संध्याकाळी मुक्ताबाई गेटवर थांबली आणि नेहमीसारखं विचारलं, काय कळलं का. हौसेराव तिथेच होते. इतके महिने तोंडाला कुलूप लावलेला माणूस, त्याला ते सहन झालं नाही. त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. हजेरी, ते दोन आवाज, शनिवारी पाचला बंद होणारा चॅनेल. मला नंतर कळलं तेव्हा मी त्यांना नको नको ते बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

शनिवारी सकाळी मी कामावर आले तर मुक्ताबाई कंट्रोल रूमच्या दारात उभी. धुतलेलं हिरवं लुगडं, कपाळाला कुंकू. कुंकू तिने पुसलंच नव्हतं. बाहेरच्या माणसाला त्या खोलीत यायची परवानगी नाही. मी शहाजी साहेबांकडे पाहिलं, त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मी तिला माझी खुर्ची दिली.

“वहिनी,” मी म्हटलं, “आम्ही तुम्हाला सांगायला पाहिजे होतं.”

“ते ऱ्हाऊ द्या ताई. मला ऐकू द्या.”

दार उघडं होतं आणि दारात सगळं केंद्र येऊन उभं राहिलं होतं. प्रितम नव्या डब्याच्या वायरी हातात धरून कोपऱ्यात उभा होता. नव्या सेटवर काम पाचनंतर सुरू होणार होतं, म्हणजे ही जुनी हजेरी शेवटची. मी एकेक नाव घेतलं. प्रत्येकाने दाबलं. मग खंड्या म्हटलं, आणि तिने माझ्या टेबलाची कड घट्ट धरली.

खट्, खट्.

ती रडली नाही. कान लावून बसली होती, आवाज थांबल्यावरही तशीच बसून राहिली. मग म्हणाली, “त्यांचंच बोट हाय. ते दरवाजा बी असाच वाजवायचे. पयला हळू, दुसरा जोरात.”

मी दोन वर्षं ऐकत होते आणि माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

“ताई, तुमी त्यांना रोज काय इचारता?”

“विचारत नाही वहिनी. नाव घेते. म्हणजे, आहेस का, असं.”

“आन ते सांगतात, हाय.”

“हो.”

“आन मग?”

“मग काय? मग हजेरी संपते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, राग असता तर मला सोसला असता. “ताई, ड्युटीवरच्या मानसाला परत या असं कोन म्हनतं?”

“कंट्रोल म्हणतो.”

“त्यांना म्हटलं हुतं?”

शहाजी साहेबांनी हळूच सांगितलं, “मुक्ताबाई, शिट्टी दिली होती. वायरलेसवर द्यायला… छत डोळ्यांसमोर खाली आलं. सगळ्यांनी पाहिलं. मग कोणाला परत बोलवायचं?”

“म्हंजे कुनीच म्हटलं न्हाई,” ती म्हणाली. “मग ते कसे येतील? सांगितल्याबगर जागा सोडनारा मानूस न्हवता त्यो. लग्नात बी भटजी… न्हाई, भंतेजी बसा म्हनले तर जेवायला उठा म्हनेपर्यंत बसला हुता.” आणि ती एवढंसं हसली. त्या हसण्याने माझा बांध फुटला. मी भरल्या डोळ्यांनी माइक तोंडाशी नेला, पण बटण दाबलं नाही. खंड्या म्हणू की पोपट म्हणू? ये म्हटलं आणि उद्यापासून आवाज थांबला तर? मी खरं सांगते, मला तो जायला नको होता. आहे त्या जागी का होईना, आहे ना, एवढंच मला हवं होतं.

मुक्ताबाईने माझ्या हातातून माइक काढून घेतला. “कुठं दाबायचं?”

प्रितम पुढे झाला. मला वाटलं, आता हा नियम काढणार. त्याने तिचा अंगठा बटणावर ठेवला, म्हणाला, “दाबून बोला, मग सोडा,” आणि मागे सरला.

तिने आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही.

“अवो,” ती म्हणाली, “काम झालं. आग इझली. आता घरी या.”

तिने बटण सोडलं. स्पीकरमधली खरखर तेवढी उरली. बाहेर हायवेवर कोणीतरी हॉर्न दिला. आणि मग ते आले.

खट्.

खट्.

खट्.

दारातून हौसेरावांचा आवाज आला, माणसाचा वाटत नव्हता. “तीन. साहेब, तीन.”

मुक्ताबाईला तीनचा अर्थ माहीत नव्हता. ती सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत होती. “काय म्हनतात? येतो म्हनतात का?”

शेवटी मीच सांगितलं. “वहिनी, तो अडकलाय. या म्हणतोय.”

शहाजी साहेब भिंतीला टेकून उभे होते. ते सरळ झाले, टोपी डोक्यावर घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “मेहरुनबाई, घंटा द्या. कॉल आलाय.”

“साहेब, वर काय कळवू? कॉल कोणाचा?”

“आपल्या माणसाचा.”

मी घंटा दिली. आमची पोरं घंटेला नेहमी धावतात, पण तशी धावलेली मी आधी पाहिली नव्हती. बगळा निघाला, टिटवी निघाली, पाणकोंबडी निघाली. प्रितम आपलं ते यंत्र छातीशी धरून बगळ्याच्या मागच्या पायरीवर चढला. आवारात एकदम शुकशुकाट झाला. राहिलो मी आणि मुक्ताबाई. कंट्रोल सोडून मला जाता येत नाही आणि ती म्हणाली, मी हितंच बसते, हितनं आवाज येतो.

पुढचं सगळं आम्ही दोघींनी स्पीकरवर ऐकलं. नव्या मालकाचा मॅनेजर आडवा आला. शहाजी साहेबांचा आवाज आला, “कॉल आहे, बाजूला व्हा.” टेम्पो हलवले. रस्त्याच्या कामावरून काँक्रीट फोडायचं मशीन आणलं. प्रितम कुठे फोडायचं ते सांगत होता, पण त्याला आवाज लागत होता, काटा आवाजाशिवाय हलत नाही. तेव्हा मला म्हणाला, “मॅडम, त्यांना पुकारा.” त्यांना. आठवड्याभरापूर्वी हसला होता तो.

मी पुकारायचे आणि तीन यायचे. मग पुकारायचे, पुन्हा तीन. दर वेळी मुक्ताबाई स्पीकरवर हात ठेवून म्हणायची, “आले हां. पोरं आली. जरा दम धरा.” माझ्या डब्यात तांदळाची भाकरी होती. मी अर्धी तिला दिली, तिने हातात धरून ठेवली, खाल्ली नाही. मलाही गेली नाही.

दुपार उतरायला लागली तेव्हा मशीनचा आवाज बंद झाला. मी पुकारलं, खंड्या. काहीच आलं नाही. पुन्हा पुकारलं. नुसती खरखर. मुक्ताबाईचा हात स्पीकरवर तसाच होता.

मग हौसेरावांचा आवाज आला. “कंट्रोल, पाणकोंबडी.” आणि गप्प. मग पुन्हा, “कंट्रोल. खंड्या सापडला.”

काँक्रीटखाली जुन्या कंपनीची सांडपाण्याची टाकी होती, आगीच्या वेळी रिकामी. तिला लोखंडी शिडी होती. चहूबाजूंनी आग आली तेव्हा पोपट तिच्यात उतरला होता, आणि छत पडलं ते टाकीच्या तोंडावरच. बाकीच्यांनी राख उपसली, पण खाली टाकी आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि नव्या मालकाने ढिगारा सपाट करून वरून काँक्रीट ओतलं. तो शिडीच्या शेवटच्या पायरीशी बसला होता, पाठ भिंतीला, मास्क तोंडावर. सेट उजव्या हातात. बटणावर अंगठा.

ते ऐकून मी डोकं टेबलावर टेकलं. मुक्ताबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिने माझ्या. मला याची अजून लाज वाटते आणि तिच्याबद्दल माया दाटून येते.

सेट प्रितमने आणला. बॅटरी फुटून हिरवी झाली होती, आतल्या तारा गंजून गळून पडल्या होत्या, उघडल्यावर त्यांचा भुगा टेबलावर सांडला. मी त्याला विचारलं, “ज्या दिवशी तो उतरला, त्या दिवशी त्याने दाबलं असेल का? इतक्या खालून माझ्यापर्यंत आलं असतं का?”

“नाही मॅडम,” तो म्हणाला. “एवढ्या मलब्याखालून सिग्नल येत नाही. शक्यच नाही.”

“मग रोज कसा येत होता?”

त्याने सेटचं झाकण बसवायचा प्रयत्न केला. ते बसत नव्हतं.

पाच वाजायला थोडा वेळ होता. बंब परत आले, पोरं हातपाय न धुताच दारात येऊन उभी राहिली. पोपटला सरकारी सोपस्कारांसाठी नेलं होतं, तिथून रात्रीपर्यंत दिघ्याला आणणार होते. मुक्ताबाई निघायला उठली. उद्या विहारात सांगायचं आहे, म्हणाली, मी बसनार हाय. दाराशी जाऊन ती थांबली.

“ताई, तुमची ती आग अजून चालूच हाय ना?”

मला तिचं म्हणणं कळलं. आमच्याकडे आग विझली की कंट्रोल शेवटचा निरोप देतो, काम बंद, सगळे परत, आणि एकेक सेट उत्तर देतो. त्या गोदामाच्या आगीचा तो निरोप कोणी कधी दिलाच नव्हता. कागदावर ती संपली होती, हवेत नव्हती.

मी माइक घेतला. शहाजी साहेब या वेळी जिन्यापाशी थांबले नाहीत, आत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले.

“सगळ्या सेटना कंट्रोल,” मी म्हटलं. “आग विझली. काम बंद. सगळे परत. बगळा.”

खट्, खट्.

“टिटवी.”

खट्, खट्.

“पाणकोंबडी.”

हौसेरावांनी दारातूनच हातातलं बटण दाबलं. खट्, खट्.

“खंड्या.”

आम्ही थांबलो. स्पीकर खरखरत राहिला. मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण एरवी हजेरीला थांबायचे त्याहून कितीतरी जास्त थांबले. काही आलं नाही. पुन्हा पुकारावं म्हणून मी अंगठा बटणावर नेला, तर मुक्ताबाईने मान हलवली.

“नका,” ती म्हणाली. “निघाले ते.”

मग तिने पदर खोचला आणि घाईघाईने जिना उतरली, त्यांच्याआधी घरी पोचायचं म्हणून.